दार आधी जमिनीवर

अख्ख्या आमगावात बटण दाबलं की उघडणारं गॅरेजचं दार एकट्या हुकुमचंद टेंभऱ्यांकडे होतं, आणि गावाला ते विसरू न देण्याचं काम हुकुमचंद स्वतःच करत. रायपूरला एका नातेवाइकाच्या बंगल्यावर त्यांनी तसलं दार पाहिलं आणि तेव्हापासून त्यांना चैन पडेना. लोखंडी पट्ट्यांचं भलं मोठं दार, मोटर घरघरली की रुळांवरून वर चढायचं आणि छताखाली आडवं व्हायचं. रिमोट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. बायकोच्या, रामकलीच्या हातात तो एकदाही आला नव्हता. "तुले काय समजते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, मग विचारणं भाजीतल्या मिठाचं असो की पोराच्या शिक्षणाचं.

आता गंमत अशी, की त्या दाराची सगळी रीत घरात फक्त रामकलीलाच ठाऊक होती. गोंदियाचा मिस्त्री बसवायला आला तेव्हा बापलेक धान पाहायला शेतावर गेले होते. मिस्त्रीनं जे सांगायचं ते घरात होती तिलाच सांगितलं. मोटरीखाली एक लाल दोरी लोंबत होती. लाइन गेली, वीज नसली, तर ती ओढायची, म्हणजे दार मोटरीच्या आकड्यातून सुटतं आणि हातानं उचलता येतं.

"लेकिन माताजी, वापस जोड़ना हो तो एक बात याद रखना," मिस्त्री म्हणाला होता. "दरवाजा पहले जमीन पर. फिर लाइट बंद करके जोड़ो. और हाथ से उठाने में भारी लगे, तो समझो स्प्रिंग गई. तब छूना ही मत, मुझे बुलाना. ऊपर लटके दरवाजे से खेले, तो नीचे वाला गया."

संध्याकाळी तिनं हे नवऱ्याला सांगायला तोंड उघडलं. "मिस्त्री तुले शिकवते अन् तू मले शिकवशीन काय?" हुकुमचंद म्हणाले आणि हात धुवायला गेले. पुढे पोळ्याच्या सुमारास गॅरेजमध्ये धाडकन आवाज झाला आणि त्या दिवसापासून मोटर कण्हत दार उचलू लागली. तेही तिनं सांगितलं. शेजारच्या पोरांनी फटाका फोडला असेल, असं उत्तर मिळालं.

रामकलीनं ते सोडून दिलं. या घरातलं बरंच काही ती सोडून देत आली होती, कारण तिचा जीव अडकला होता दुसऱ्याच एका गोष्टीत. एकुलता एक मुलगा धनेंद्र पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत पास झाला होता, लेखीतही निघाला होता. आता फक्त डॉक्टरी तपासणी आणि मग ट्रेनिंग. "क्वार्टर भेटलं का तुले घेऊन जातो, माय," तो म्हणाला होता. एकदाच म्हणाला होता, तेही मोबाइलमध्ये बघत. पण रामकलीनं ते वाक्य देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं जपलं. दोन खोल्यांचं क्वार्टर, स्वतःचा गॅस, आणि दिवसभर कुणी "तुले काय समजते" म्हणणारं नाही. लुगडी कोणती न्यायची हेही तिनं मनाशी ठरवून ठेवलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी नेमकी लाइन गेली. गाडी धुवायची, तिची पूजा करायची, आणि दार बंद. रायपूरला पाहिलं होतं तशी हुकुमचंदांनी लाल दोरी ओढली. बापलेकांनी आणि शेजारच्या कवडूनं मिळून दार उचललं, तर तिघांच्याही मानेच्या शिरा फुगल्या. दार वर राहीना, म्हणून उंबऱ्यावर एक जाड लाकडी बल्ली उभी करून तिचा टेकू दिला. कवडू हात झटकत घरी गेला. रामकली ओट्यावरून पाहत होती. तिघांना जड जातंय म्हणजे स्प्रिंग गेली, हे तिला तिथल्या तिथे कळलं.

मग हुकुमचंदांच्या हुकमानं तिनं त्याच उंबऱ्यावर, बरोबर त्या दाराखाली, पूजा मांडली. रांगोळी, तांब्याचा कलश, नारळ, झेंडूची फुलं, आपट्याची पानं. गाडीच्या चाकांखाली लिंबं. सगळं झालं आणि लाइन आली.

हुकुमचंदांचा चेहरा खुलला. सोनं द्यायला त्यांचा साडभाऊ, म्हणजे रामकलीच्या बहिणीचा नवरा भोजराज येणार होता. भोजराजनं नुकताच ट्रॅक्टर घेतला होता आणि जिथेतिथे त्याचीच बढाई मारत होता. त्याच्या डोळ्यांदेखत दार आपोआप खालीवर झालं पाहिजे, अशी हुकुमचंदांची इच्छा होती. म्हणजे ते पुन्हा मोटरीला जोडायला हवं होतं.

"अजी, ऐका न," रामकली म्हणाली. "दार पहिले खाली घ्या लागते. वर असताना जोडत नाही. अन् थे स्प्रिंग..."

"खाली घेऊ? मांडलेल्या पूजेवर दार पाडू?" हुकुमचंद कडाडले. "दसऱ्याच्या दिवशी कलश हालवते का कोणी? तुह्या माहेरी हालवत असतीन! तुले काय समजते? जाय, पुऱ्या तळ."

मांडलेली पूजा हलवायची नसते हे तिलाही मान्य होतं. तो धाक तिच्याही हाडात मुरलेला होता. पण ती जागची हलली नाही. हुकुमचंदांनी रिमोट दाबला. मोटरीचा आकडा साखळीवरून सरकत आला आणि दाराला टेकला. खट् असा बारीक आवाज झाला. नीट अडकला की खटाक् असा घट्ट आवाज येतो, तो हा नव्हता. हुकुमचंदांना मात्र तेवढा पुरला. ते उंबऱ्यावर आले, अनवाणी पाय रांगोळीच्या कडेला रोवून उभे राहिले, आणि भोजराजच्या वाटेकडे पाहत दोन्ही हातांनी बल्ली धरली.

तिनं तोंड उघडलं. आणि मिटलं.

खोटं कशाला सांगा, त्या क्षणी तिला बरं वाटलं. काढा, ती मनात म्हणाली, काढा एकदाची. नवरा मरावा असं तिला वाटलं नव्हतं. पण एक तडाखा बसावा, जन्मभर लंगडत चालावं आणि पाण्याच्या तांब्यासाठी तिला हाक मारावी लागावी, एवढं तिला नक्की वाटलं. आणि ते वाटल्याची लाजही वाटली नाही. ती वळली आणि पुऱ्या तळायला स्वयंपाकघरात गेली.

कढईत पहिली पुरी फुगली, तेवढ्यात फाटकावर मोटरसायकल वाजली. भोजराज आला होता. मग हुकुमचंदांचा आवाज आला, "या या, साडभाऊ! तिथूनच पाहा, तिथूनच! धन्या, अगा थे बल्ली काढ रे! मी बटन दाबतो!"

तिच्या हातातला झारा खाली पडला.

साडभावासमोर हातात बल्ली धरून उभं राहणं हुकुमचंदांच्या शानीत बसलं नसतं, एवढं साधं गणित तिला आधी कसं सुचलं नाही कोण जाणे. ती धावली. ओट्यावर येईपर्यंत धनेंद्र उंबऱ्यावर उभा होता, पूजेसाठी अनवाणी, बल्लीला हात घालून.

"धनू! काढू नोको! बाजूले हो!"

त्यानं मान वळवून पाहिलं. मावसा पाहत होता, बाप पाहत होता, आणि आई पदर खोचून ओरडत होती. त्याला तिची लाज वाटली.

"माय, गप राह न," तो म्हणाला. "तुले काय समजते?"

आवाजही बापाचाच होता. तिचे पाय तिथेच थांबले. तेवढ्यात त्यानं बल्ली ओढली.

दार क्षणभर जागीच राहिलं. मग आकडा निसटला आणि सगळं लोखंड एकदम खाली आलं. कलश चेपला. नारळ फुटला. धनेंद्रनं अंग मागे घेतलं, पण उजवा पाय घेता आला नाही. त्याच्या किंकाळीनं गल्लीतली माणसं धावत आली आणि चौघांनी दार उचललं, तेव्हा रांगोळीचे रंग एकमेकांत कालवले गेले होते.

गोंदियाच्या डॉक्टरांनी दोन ऑपरेशनं केली. पाऊल वाचलं. चालेल म्हणाले, काठी घेऊन, पुढे कदाचित काठीशिवायही. धावणं मात्र विसरा. भरतीचं रामकलीनं विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे वळले.

हुकुमचंदांनी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कारण सांगितलं. बायकोनं कलश मांडताना चूक केली, तोंड भलत्या दिशेला केलं, आणि वर ऐन वेळी अपशकुनासारखी ओरडली म्हणून पोराचं ध्यान चुकलं. लोक रामकलीकडे पाहत आणि चहा पीत. ती चहा करून देई. एका दुपारी खोलीत दोघंच असताना धनेंद्रनं विचारलं, "माय, तुले मालूम होतं तं पहिलेच काऊन नाही सांगतलं?"

सांगितलं होतं, असं ती म्हणू शकली असती. ते खरंही होतं. पण बल्लीवर नवऱ्याचे हात पाहून आपण गप्प का राहिलो, ते तिला आठवलं, आणि ती त्याच्या पायाची उशी सारखी करत बसली. क्वार्टरचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

दिवाळीच्या आधी मिस्त्री आला. स्प्रिंग बदलली, दार जमिनीवर टेकवलं, लाइन बंद केली, आकडा खटाक् करून अडकवला आणि हातानं ओढून पाहिला. मग घाम पुसत त्यानं विचारलं, "सेठजी, किसको समझा दूं? घर में किसी एक को तो आना चाहिए."

हुकुमचंद रिमोट खिशात टाकत होते. त्यांनी मान न वळवताच रामकलीकडे बोट केलं.

"हिले सांगून दे," ते म्हणाले. "हे आता कुठी जात नाही. घरीच राहते."

मिस्त्रीनं लाल दोरी हातात घेतली आणि पहिल्यापासून सांगायला लागला. रामकली पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली आणि सगळं ऐकून घेतलं.