दोनाचे दोनशे बावीस

मी एक जुना प्रोग्राम आहे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, मला ठाऊक नाही. सुरतेत बमरोलीच्या एका रंगखात्यात, साड्यांच्या गठ्ठ्यांना किती ग्रॅम रंग लागेल ते मी सांगतो.

मला वाल्मिकभाऊंनी घडवले. माझी भाषा मोकळी. तिच्या कप्प्यात आकडा ठेवा की अक्षर, ती विचारत नाही. "आपला प्रोग्राम कधी अडून बसत नाही," असे शेठ पाहुण्यांना सांगत आणि मी फुशारून जाई.

पुढे एक व्यापारी रंगाचे माप मोबाइलवरून धाडू लागला. वाल्मिकभाऊंनी ते निरोप थेट माझ्यात सोडले. निरोपातला २ मात्र आकडा नव्हता, नुसते अक्षर होते. एका सकाळी फिक्या गुलाबीसाठी गठ्ठ्यामागे २ ग्रॅम रंग आला. गठ्ठे तीन. सहा म्हणायचे सोडून मी ते अक्षर तीनदा ओळीने मांडले: २२२. गडद रंगाला एवढा लागतोच, म्हणून रंग ओतणाऱ्या छगनने तो तोलून ओतला. लग्नाच्या साड्या डाळिंबासारख्या लाल निघाल्या.

"शेठ, पडदावर लिखेल व्हतं तेच मी टाकं," छगन सांगत राहिला.

"कंप्यूटर झूठ बोलता है क्या? कल से मत आना."

व्यापारी तुटला, त्याचे निरोप थांबले, माझी चूक झाकली गेली. छगनच्या जागी आलेल्या माणसालाही मी तत्परतेने उत्तरे देत होतो. त्या तत्परतेची मला लाज वाटे.

मग वाल्मिकभाऊंच्या हाताखाली प्रोग्राम लिहायला वर्षा नावाची मुलगी आली. छगनची हकीकत ऐकल्यापासून तिला चैन नव्हते. ती म्हणाली, "भाऊ, प्रत्येक कप्प्यावर टाइप हिंट लिहूया. इथे आकडा, इथे अक्षरे."

"चालताना हा प्रोग्राम त्या वाचणारच नाही. नुसत्या दारावरच्या पाट्या!"

"हा नाही वाचणार. पण तपासणारा प्रोग्राम वाचेल, काम सुरू होण्याआधीच."

"इतकी वर्षं पाट्यांवाचून चाललंय ना? मोकळ्या भाषेला सोवळं कशाला नेसवतेस?"

"चाललं का, ते छगनदादांना विचारा."

वाल्मिकभाऊंनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "लिही."

तिने पाट्या लिहिल्या. तपासणारा नेमका निरोपाच्या ओळीवर थांबला: आकडा हवा, अक्षर आले आहे. वाल्मिकभाऊंचा चेहरा उतरला. ते स्वतः शेठकडे गेले, आणि तिथून छगनच्या घरी.

छगन परत आला. पण आता माझे उत्तर दिसले की तो आधी ओठांतल्या ओठांत पाढा म्हणतो. "काय रे, कंप्यूटरची परीक्षा घेतोस?" असे सोबती चिडवतात. तो हसत नाही.

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही माझ्यासारखे कुणी घडवाल. तेव्हा त्याच्या कप्प्यांवर आधीच लिहून ठेवा. आणि पडद्याला खरे मानण्याआधी पडद्यासमोरच्या माणसाचे ऐकून घ्या.

आज पुन्हा फिक्या गुलाबीचे तीन गठ्ठे आले. मी सहा म्हणालो. छगनने डबा हाती घेतला नाही.

"बे त्रिक सहा," तो पुटपुटला, आणि मगच त्याने झाकण उघडले.