विठ्ठलातला ठ

शहाण्णव साली मोहने गावाच्या नदीकाठी एक पत्र्याची शेड होती. बाहेर डोळ्यांवर ओले रुमाल धरून माणसं बसलेली असत. आत पोपट महाराज तांब्याच्या पळीने डोळ्यात तीर्थ सोडत. थेंब पडला की कण्हणारा माणूस गप्प होई आणि थोड्या वेळाने हसत बाहेर येई. "दुखणं गेलं," म्हणे. खरंच गेलेलं असे.

"डॉक्टर डोळ्याला भोक पाडतो," महाराज सांगत, "आम्ही पापाला पाडतो. टाके लागत नाहीत."

लोक हसत. मीही हसलेलो. जन्म कीर्तनात गेलेला, कुणी रसाळ बोललं की मी भुलतो.

माझी धाकटी बहीण सगुणा त्याच रांगेत होती. तिचा उजवा डोळा आधीच गेलेला. डाव्याच्या मधल्या थराला पुन्हा पुन्हा सूज यायची. खोपटचे डोळ्यांचे डॉ. कर्णिक म्हणालेले, या सुजेने डोळ्यातल्या पारदर्शक जेलीत जाळी धरली आहे. आधी थेंबांनी सूज शांत करू, मग सुई जाईल एवढ्या छिद्रांतून आत शिरून जाळी कापून ओढून घेऊ. सगुणाने त्यातलं भोक तेवढं ऐकलं.

"फुग्याला भोक पारल्यावर काय उरतं, दादूस?"

महाराजांनी तिचे डॉक्टरी थेंब बंद करायला लावले. तीर्थाने दुखणं थांबे, घरी येईतो परत सुरू होई. ती पुन्हा जाई. तिच्याबरोबर बसून बसून मलाही त्यात काही वावगं वाटेनासं झालेलं.

एके दिवशी महाराजांनी पळी भरली आणि मी सवयीने उजवा तळवा पुढे केला. पळीतलं तीर्थ हातावर पडलं. मी प्यायलो आणि हात डोक्यावरून फिरवला.

"अहो, डोळ्याचं होतं ते," महाराज चपापले.

गजर सुरू झाला. मी तोंड उघडलं, पण विठ्ठलातला ठ येईना. जीभ टाळूला लागतेय की नाही तेच कळत नव्हतं. दाढ काढताना झालेलं, अगदी तसं.

बाटलीत थोडं तीर्थ घेऊन आम्ही तडक खोपटला गेलो. कर्णिकांनी बाटली बाजूला ठेवली आणि स्वतःच्या कपाटातल्या औषधाचा थेंब माझ्या जिभेवर टाकला. "म्हणा विठ्ठल." ठ पुन्हा गेला.

"हे बधिर करायचं औषध, आम्ही डोळा तपासण्यापुरतं वापरतो," ते म्हणाले. "याने फक्त जाणीव मरते. आत सूज वाढत राहते. आणि रोज टाकलं तर बुबुळाला जखम होते, तीही कळत नाही. हिला झालीय."

सगुणा म्हणाली, "मंजे त्या तीर्थान देव नवता."

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा भिवा आणि मी शेडमध्ये गेलो. मी हात जोडून म्हटलं, "महाराज, आज सगळ्यांना जिभेवर तीर्थ द्या." लोकांनी तळवे पुढे केले. महाराजांना नाही म्हणायची सोय राहिली नाही. नंतर मी गजर धरला. शेडभर बोबडा विठ्ठल घुमला. एक म्हातारी हसली, मग कुणीच हसलं नाही.

"आता तुमी प्या," भिवाने पळी पुढे केली.

"माझा उपवास आहे," महाराज म्हणाले.

"तीर्थाने उपास मोडतो व्हय?"

महाराजांनी पळी घेतली नाही. लोक एकेक करून उठले.

सगुणाची जखम भरली, डाग राहिला. सूज उतरायला बरेच महिने गेले. मग ऑपरेशन झालं, त्या बारीक छिद्रांतूनच. डोळा फुगा नव्हता, फुटला नाही. पट्टी काढली तेव्हा ती म्हणाली, "दादूस, तुझ्या हातान टाल हाय." पितळेची चमक तिला दिसली. चेहरा दिसला नाही. डॉक्टरी थेंब बंद केले नसते तर दिसला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.

मी अजून कीर्तनाला जातो. तीर्थ घेतो, जिभेवर. पण तुमच्या डोळ्यात कुणी काही सोडू लागला, तर आधी पळी धरा आणि विचारा, यात काय आहे. देवाला त्या प्रश्नाचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्या रांगेतून उठा.