रेघ नसलेला गोल

लेकीच्या उपचारांच्या चार महिन्यांत रामकिशन सर आज पहिल्यांदा नांदेडच्या दवाखान्यात आले होते, आणि डॉक्टर सादियानं त्यांना दारातल्या खाकरण्यावरूनच ओळखलं. एकवीस वर्षांपूर्वी लातूरला त्यांच्या बायॉलॉजीच्या क्लासात त्या खाकरण्यावर तीनशे पोरं चिडीचूप व्हायची. आता केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण तोरा तसाच. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी भिंतीवरच्या तिच्या डिग्र्या वाचून घेतल्या.

त्यांनी तिला ओळखलं नाही. कशाला ओळखतील? दरसाल हजार पोरं येतात, ज्यांचा मेडिकलला नंबर लागतो ती फ्लेक्सवर चढतात, उरलेल्यांना विसरायचं असतं. सादिया उरलेल्यांतली. पुढच्या वर्षी तिनं नांदेडला घरी बसून अभ्यास केला आणि नंबर लावला, त्यात सरांचं काही देणं नव्हतं. सर मात्र मोठे झाले. 'भूकंपातून उभा राहिलेला शिक्षक' असं लिहिलेला त्यांचा फ्लेक्स लातूरच्या चौकाचौकात आहे. त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाच्या रात्री किल्लारीकडचं त्यांचं गाव दगडमातीखाली गेलं, सर लातूरच्या वसतिगृहात होते म्हणून वाचले, हे ते प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी सांगतात, आणि दरवर्षी त्याच वाक्याला त्यांचा गळा दाटून येतो. सादियाही तेव्हा रडली होती. त्या रडण्याचा तिला अजून राग येतो.

समोर तीन खुर्च्या होत्या. एका टोकाला सर, मधे त्यांची लेक पुनम आणि दुसऱ्या टोकाला, हातभर लांबच्या खुर्चीत, पुनमची आई जगदेवी. ही खुर्ची पुनमनंच लांब सरकवली होती. सत्तावीस वर्षांची पोर, अहमदपूरला दिलेली, उजव्या स्तनात गाठ. केमो संपले होते, आता ऑपरेशन. मधल्या काळात जनुकाचा रिपोर्ट आला की हा दोष जन्मापासूनचा आहे, आईबापापैकी कुणाकडून तरी आलेला. सासरच्यांनी त्याच दिवशी तिला माहेरी आणून सोडली. आईच्या रक्तातच खोट, ते म्हणाले. सरांनीही तेच उचलून धरलं. सगळं खापर जगदेवीच्या माथ्यावर फुटलं आणि ती बाई डबा घेऊन, एसटी धरून लेकीमागं येत राहिली. लेक तिच्याशी धड बोलत नव्हती. एकदा सलाईन चालू असताना पुनम सिस्टरला म्हणाली होती, "हिचं दूध प्याले, तेच भोगून राहिले." जगदेवी तिथंच डबा उघडत होती.

आज जगदेवीच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. ती तपासणी सरांनीच हट्टानं करायला लावली होती. सादियानं कागद टेबलावर ठेवला.

"पुनमच्या आईच्या रक्तात हा दोष नाही."

जगदेवीनं मान वर केली. सर मात्र हसले.

"लॅब चुकली असेल, मॅडम."

"दोनदा तपासलंय."

"मग नवं म्युटेशन. होतं असं. आम्ही शिकवतो ना पोरांना."

"या जनुकात ते फारच क्वचित होतं. तुमचं पाच मिली रक्त द्या. आठ-पंधरा दिवसांत कळेल."

"माझं?" सर खुर्चीत मागं रेलले. "मला काय धाड भरलीय? बायांचा रोग आहे हा. आणि माझ्याकडं असलं कुणालाच नव्हतं. आता विचारणार तरी कुणाला? आई, बहिणी, सगळे भूकंपात गेले."

बोलताना गळा अगदी ठरल्या जागी दाटून आला. सादियाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण पुढ्यात पेशंट होती, म्हणून तिनं कोरा कागद ओढला आणि पुनमला समजेल अशा शब्दांत सांगायला लागली. बाई म्हणजे गोल. पुरुष म्हणजे चौकोन. ज्याला रोग झाला त्याची खूण काळी भरायची. जो गेला त्याच्यावर तिरपी रेघ मारायची. तिनं पुनमचा गोल काळा केला आणि वर आईबापाची जोडी काढायला घेतली.

"नवरा डावीकडं काढतात, मॅडम," सर म्हणाले. "आणि माझ्याकडची बाजू कोरी सोडा."

सादियाचा हात थांबला. नवरा डावीकडं काढतात, हेच वाक्य, हाच आवाज. दोन हजार दोन साल, अनुवंशाचा धडा, फळ्यावर एक वंशवृक्ष. तो कुठल्याच पुस्तकात नव्हता, सर म्हणायचे ही माझी खास तयारी. खाली एक चौकोन आणि त्याच्याखाली एक छोटा गोल, त्यात प्रश्नचिन्ह. या चौकोनाच्या मुलीला हा रोग होईल का? सतरा वर्षांच्या सादियानं हात वर केला. "होऊ शकतो, सर. बापात दिसला नाही तरी बाप देऊ शकतो." डस्टर येऊन तिच्या खांद्यावर बसलं, काळ्या ओढणीवर खडूचा पांढरा पट्टा उमटला. "बापाला नाही, मग पोरीला कुठनं येतो गं? नांदेडला जा, तुझ्या बापाच्या दुकानात पंक्चर काढ." तीनशे पोरं हसली. फळ्यावर सरांनी उत्तर लिहिलं, 'नाही'. आणि तिला शिक्षा दिली, हे चित्र उत्तरासकट पन्नास वेळा काढून आण.

तिनं काढलं होतं. सुट्टीला नांदेडला घरी येऊन, दोन रात्री जागून, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत, पन्नास वेळा. करीमभाईंनी, म्हणजे तिच्या अब्बांनी, विचारलं की हे काय, तर अभ्यास म्हणाली होती.

आता तिनं सरांनी कोरी सोडायला सांगितलेली बाजू भरायला घेतली. डोकं चालवायची गरजच पडली नाही. वर एक काळा गोल, त्यावर रेघ. त्याखाली दोन काळे गोल, दोन्हींवर रेघ. त्यातल्या एकीशेजारी नवरा. त्यांच्याखाली एक चौकोन, आणि त्याला लागून ओळीनं चार पांढरे गोल. सर आधी नुसते बघत होते. मग पुढं वाकले. दुसऱ्या काळ्या गोलापाशी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे... हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच, सर. पन्नास वेळा."

सरांनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग टेबलावरच्या नावाच्या पाटीकडं पाहिलं.

"सादिया? सायकलवाल्याची?"

"हो. ही तुमची आजी. ही आई, ही मावशी. तिघींना हाच रोग. आईला भूकंपानं नेलं नाही, तिच्या गोलाखाली तुम्ही भूकंपाच्या आधीचं साल लिहायचात. हा चौकोन तुम्ही." तिनं पेन पुनमच्या काळ्या गोलावर टेकवलं. "आणि दरवर्षी जिच्याबद्दल तीनशे पोरांना विचारत होतात, ती ही पुनम. तेव्हा सहा वर्षांची असेल. उत्तर तुम्हाला माहीत होतं. फळ्यावर 'नाही' लिहून ते खोटं पडत नाही."

पुनमनं बापाकडं पाहिलं. सर घाम पुसत होते.

"पोरगी लहान होती. मला वाटायचं... कुणी तरी म्हणावं, नाही होणार."

क्षणभर सादियाला त्यांची कीव आली. पण तिला तो खडूचा पट्टा आठवला, लांब सरकवलेली खुर्ची दिसली, आणि कीव ओसरली. तिनं चार पांढऱ्या गोलांपैकी तीन गोलांवर, फळ्यावर असायची तशीच, रेघ मारली.

"या तीन बहिणी भूकंपात गेल्या. पण चौथ्या गोलावर तुम्ही कधीच रेघ मारली नाही. पन्नासातल्या एकाही चित्रात मी मारली नव्हती, तुम्ही तपासून सही केलीत. ही कोण, सर? जिवंत असेल तर तिला आत्ता कळवायला हवं."

"कुणी नाही. फळ्यावर काढताना राहून गेलं असेल."

"सिंधु हाय ती," जगदेवी म्हणाली.

चार महिन्यांत त्या खोलीत ती पहिल्यांदा आपणहून बोलली होती.

"जगदेवी, गप्प बस."

"लई बसले. म्याडम, ह्यांची धाकटी भैन. धा वर्साची व्हती, मिल्ट्रीवाल्यानी ढिगाऱ्यातनं जित्ती काढली. ह्यांनी तिला उमरीला लांबच्या आत्याकडं टाकलं आन् सरकारी यादीत मेली म्हून नाव घातलं. सरकारनं दिलेलं नव्या गावचं घर एकट्याच्या नावानं झालं. ते इकून क्लास काढला. मला शपथ घातली, तोंडातनं नाव काढायचं न्हाई." तिनं डब्याच्या पिशवीतून मोबाईल काढला. "नंबर हाय माझ्याकडं. पारूबाई दूधवाली म्हून ठिवलाय."

सरांनी हात पुढं केला, पण पुनमनं तो मधेच धरला. जगदेवीनं फोन लावून स्पीकरवर टाकला.

"वैनी?" पलीकडून आवाज आला. "किती वर्सांनी! समदे खुशाल हाव ना?"

"सिंधु, बाई, माझ्या पुनमला छातीत गाठ झाली. डाक्टर म्हनतात रगतातनं आलीय. तू बी तपासून घे."

पलीकडं चालू असलेला टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं.

"वैनी, माजी एक बाजू दोन वर्साखाली काढली, हैद्राबादला. दादानं सांगितलं न्हाई? मी स्वता लातूरला आलते, क्लासात. डाक्टरनं चिठ्ठी दिलती, भावाच्या लेकरायला तपासा म्हून. लवकर घावलं तर काईच व्हत न्हाई म्हनले. दादानं चिठ्ठी घेतली, घडी घालून खिशात ठिवली. बघतो म्हनला. मला वाटलं पुनमचं समदं तपासून झालं आसल. पोरीला किती झालंय, वैनी?"

जगदेवीनं सादियाकडं पाहिलं. सादियाला उत्तर पाठ होतं. गाठ साडेचार सेंटिमीटर, रोग काखेतल्या तीन गाठींत पसरलेला. दोन वर्षांपूर्वी तिथं काहीही नसतं, किंवा असतंच तर हरभऱ्याएवढं. हे पुनमला सांगायची गरज उरली नव्हती, तिचा चेहराच सांगत होता की तिनं हिशेब केलाय. बायॉलॉजी तीही बापाकडंच शिकली होती.

"पुनम, ऐक," सर म्हणाले. "तुझं लग्न ठरत होतं तेव्हा. असली चिठ्ठी बाहेर पडली असती तर कोण पुढं आलं असतं? मी तुझ्यासाठीच..."

पुनमनं टेबलावरचं पेन उचललं. कागद स्वतःकडं फिरवला, बापाचा चौकोन शोधला आणि त्याच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ ओढली. कागद फाटला.

"अगं," सरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ती मेलेल्या माणसाची खूण असते."

"माहीत आहे, सर," पुनम म्हणाली. आजवर ती त्यांना पप्पा म्हणत होती.

मग तिनं हात लांब करून आईची खुर्ची आपल्या खुर्चीला भिडेपर्यंत ओढली आणि सादियाला ऑपरेशनची तारीख विचारली.