नवव्या दिवसापर्यंतची चिठ्ठी

"वाचू नका, कोमाद्रे," तोमासिनानं सांगितलं होतं. "तो कागद तिथंच झाडावर लटकू दे. तुम्ही वाचलात की तो तुमच्या तोंडचा होईल. मग लोक गोऱ्या शिपायांना सोडून तुम्हालाच विचारत बसतील."

हर्मिनिया तेव्हा हसली होती. सात महिन्यांची ल्युसिला तिच्या कडेवर होती आणि पोरीचं सगळं लक्ष कागदाच्या फडफडणाऱ्या कोपऱ्याकडे होतं. तोमासिना ल्युसिलाची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिनंच पोरीला हातांवर धरलं होतं, आणि त्या दिवसापासून या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या होत्या. एकीचं वय पंचविशीच्या आतलं, दुसरीचं पन्नाशीच्या पुढचं, पण हे नातं जुळलं की अरेतुरे बंद. भांडतानासुद्धा त्या एकमेकींना तुम्हीच म्हणत.

हर्मिनिया राजधानीत शिक्षिकेचं शिकून आली होती. लग्न होऊन ती एलिसेओबरोबर सेइबोकडच्या या डोंगरात आली, दोन वर्षं तिनं शाकारलेल्या छपराखाली शाळा चालवली, आणि मग देश ताब्यात घेतलेल्या गोऱ्या शिपायांनी त्या शाळेत आपली खेचरं बांधली. एलिसेओ उसाच्या कारखान्यात मुकादम म्हणून गेला, त्याला चार महिने होत आले होते. त्याचं शेवटचं पत्र येऊन दोन महिने झाले होते. वीस घरांच्या वस्तीत वाचता येणारी ती एकटी. आपण वाचलं नाही तर या लोकांना कळणार कसं, असं तिला वाटलं. तिनं कागद वाचला, आणि मागच्यांना ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा मोठ्यानं वाचला.

पाचच ओळी होत्या. शनिवारपर्यंत सर्वांनी घरं सोडून खाली शहराच्या कडेला छावणीत यायचं. शनिवारनंतर डोंगरात जो सापडेल तो बंडखोर समजला जाईल.

मग प्रश्न सुरू झाले आणि तोमासिना म्हणाली होती तसे ते सगळे हर्मिनियाकडेच आले. कोंबड्या आणायच्या का? युकाचे कंद काढायला आठवडा आहे, तिचं काय करायचं? अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला उचलून कोण नेणार? तोमासिनाचा दीर निकानोर सत्तरीचा होता आणि कशाचीही थट्टा केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यानं गंभीर तोंड करून विचारलं, "बाई, तुमच्या कागदात माझी गाढवीण बसते का? ती कधीच कुणाच्या बाजूनं लढलेली नाही. चालतसुद्धा नाही धड." सगळे हसले. हर्मिनियाही हसली, आणि लोकांना धीर यावा म्हणून कागदात नव्हतं तेही सांगत गेली. कोंबड्या चालतील. म्हातारीसाठी शिपाई माणूस देतील. कप्तानही ख्रिस्ती माणूस आहे, ऐकून घेईल. हे सगळं तिनं स्वतःच्या मनानं जोडलं, आणि बोलताना तिला ते खरंही वाटलं.

बुधवारी तोमासिनाचा नवरा सेफेरिनो तापानं गेला.

आता या डोंगरात माणूस गेला की नऊ दिवस त्याच्या घरात प्रार्थना होतात. पांढऱ्या चादरीची वेदी मांडतात. तिच्यावर मेणबत्ती, पाण्याचा पेला आणि गेलेल्या माणसाचं काहीतरी ठेवतात. नवव्या दिवशी वेदी मोडेपर्यंत तिच्यावरच्या वस्तूला कुणी हात लावत नाही, आणि घर सोडून जाणं तर कुणाच्या मनातही येत नाही. गुरुवारी पुरलं, म्हणजे नववा दिवस पुढच्या शुक्रवारी. कागदातला शनिवार त्याच्या सहा दिवस आधीचा.

तोमासिना रडत नव्हती. आल्याचा चहा गाळता गाळता तिनं एवढंच विचारलं, "कोमाद्रे, थांबू देतील का हो?"

हर्मिनियानं ल्युसिलाला पाठीशी बांधलं आणि त्याच दुपारी ती शहराची वाट चालू लागली. एका नातेवाइकाकडे मुक्काम करून शुक्रवारी सकाळी ती कप्तानाच्या कचेरीत उभी राहिली. कप्तानाला तिची भाषा येत नव्हती. शेजारच्या बेटावरून आणलेला एक दुभाषी होता, कडक कॉलरचा, थकलेल्या डोळ्यांचा. त्यानं ऐकून घेतलं. माणसं किती? तीन, विधवा, तिचा दीर आणि प्रार्थना सांगणारी फेला. कधीपर्यंत? पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी वेदी मोडेल, शनिवारी सकाळी खाली येतील. दुभाष्यानं दोन ओळी लिहिल्या, कप्तानानं मान वर न करता सही केली. ती निघताना कप्तानानं ल्युसिलाची हनुवटी हलवली, आणि हर्मिनियाला वाटलं, बघा, मी म्हणत नव्हते?

"चिठ्ठी अंगावर ठेवायला सांगा," दुभाषी म्हणाला. "कुणी हटकलं की लगेच दाखवायची. घरात ठेवून उपयोग नाही."

संध्याकाळी परत येऊन तिनं चिठ्ठी वाचून दाखवली, दुभाष्याचं बोलणंही सांगितलं. तोमासिनानं चिठ्ठी दोन्ही हातांत घेतली. तिच्या नवऱ्याचं नाव आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या कागदावर आलं होतं, 'दिवंगत सेफेरिनो यांच्या घरी' असं. तिनं ती चिठ्ठी वेदीवर पाण्याच्या पेल्याला टेकवून उभी केली.

हर्मिनियानं पाहिलं. ती बोलायला गेली आणि गप्प बसली. दुखवट्याचं घर, फेलानं नुकतीच माळ हातात घेतलेली, आणि तोमासिनाच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदाच थोडी शांतता आलेली. उद्या निघताना सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी निघताना ल्युसिलाचं अंग कोमट लागलं, आणि तिच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही.

तिला थांबायचं होतं. तोमासिनानंच हाकललं. "चिठ्ठीवर तीन माणसं आहेत. तुम्ही चौथ्या आणि ही पाचवी. चला, निघा. पोरीला ऊन लागायच्या आत नदी ओलांडा." मग ल्युसिलाच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढून म्हणाली, "पुढच्या शनिवारी येते मी. माझ्यासाठी सावलीतली जागा धरून ठेवा."

सावली तिथं नव्हतीच. छावणी म्हणजे गुरांच्या बाजाराचं मोकळं मैदान, भोवती तारेचं कुंपण, आत हजाराच्या आसपास माणसं. पाण्याला एकच ओढा. त्यातच कपडे, त्यातच भांडी, वरच्या अंगाला शिपायांचे घोडे. तिसऱ्या दिवशी लहान मुलांना हगवण लागली. हर्मिनिया पाणी उकळून गार करून ल्युसिलाला पाजायची. पोरीनं किती लंगोट ओले केले ते बोटांवर मोजायची. झोपलेल्या पोरीच्या नाकापाशी बोट धरून बसायची. शेजारच्या झोपडीतली बाळंतीण म्हणाली, अहो बाई, तिला श्वास घेऊ द्या की, तुम्हीच वाटेत बोट धरून बसलात. त्या बाळंतिणीचं बाळ मंगळवारी गेलं. त्यानंतर तिनं थट्टा केली नाही, आणि हर्मिनियाला तिच्याकडे बघायचा धीर होईना.

प्रत्येक वेळी फाटक उघडलं की ती मान उंच करून बघायची. शनिवारला अवकाश होता तरी बघायची.

बुधवारी दुपारी फाटक उघडलं आणि फेला आत आली. एकटी. पायात काही नाही, हातात माळ नाही. हर्मिनियानं तिला बसवलं, पाणी दिलं. फेलानं पेला हातात धरूनच सांगितलं.

सकाळी निकानोर ओढ्यावर पाणी आणायला निघाला होता. जाता जाता म्हणाला, चिठ्ठी बरोबर नेऊ का? फेलानंच त्याला अडवलं. वेदीवरचं काही हलवायचं नाही म्हणाली, ओढा काय लांब आहे? त्यावर तो म्हणाला होता, बरं, शिपाई भेटला तर त्याला सांगतो की माझा कागद देवाकडे ठेवलाय, हवा तर तिथं जाऊन बघ. ओढ्यावर तुकडी उभी होती. त्यांनी हात पुढे केला, कागद मागितला. निकानोरनं घराकडे बोट दाखवलं, मग त्यांना काही कळत नाही असं बघून तो वळला आणि कागद आणायला घराकडे पळत सुटला.

"सत्तर वर्षांचा माणूस," फेला म्हणाली. "मी त्याला पळताना कधी पाहिलं नव्हतं गं."

गोळ्या दोन झाल्या. मग शिपाई घरात शिरले. फेला वेदीकडे बोट दाखवत राहिली. एकानं चिठ्ठी उचलली, वाचली, दुसऱ्याला दिली. दोघं आपसात काहीतरी बोलले, त्यात एकाचा आवाज चढला. शेवटी चिठ्ठी खिशात गेली आणि घराला काडी लागली, वेदीसकट.

"आणि तोमासिना?"

तोमासिना वरच्या रानात केळीचा घड तोडायला गेली होती. शिपाई खाली आणत होते तेव्हा फेलानं मोठमोठ्यानं हाका मारल्या, ये म्हणून नव्हे, येऊ नको म्हणून. उत्तर आलं नाही. म्हणजे ऐकलं असावं. त्या रानाच्या मागे घळ आहे, घळीत वटवाघळांची गुहा. लपायचं तर तिथंच. मग फेला खाली मान घालून म्हणाली, "आदल्या दिवशी निकानोर म्हणत होता, नको वहिनी, आजच खाली जाऊ, प्रार्थना तिथं करू. ती म्हणाली, शुक्रवारपर्यंत आहे, बाईंनी वाचून दाखवलंय. आता बाई सांगतील तेव्हाच मी हलणार."

हर्मिनिया उठली आणि थेट कचेरीत गेली. दुभाष्यानं तिला ओळखलं. त्यानं खरंच खेद वाटल्यासारखं ऐकून घेतलं, आणि म्हणाला की चिठ्ठी हजर केल्याशिवाय काही करता येत नाही. चिठ्ठी तुमच्याच शिपायाच्या खिशात आहे, ती म्हणाली. कुठल्या शिपायाच्या, त्यानं विचारलं. शुक्रवारपर्यंत मला जाऊ द्या, मी तिला घेऊन येते, ती म्हणाली. जाऊ शकता, तो म्हणाला, पण बाहेर गेलेल्याला पुन्हा आत घेण्याचा हुकूम नाही, आणि बाहेर सापडेल तो कोण समजला जातो ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच तो कागद लोकांना वाचून दाखवला म्हणतात.

ती फाटकापर्यंत गेली. पाठीशी ल्युसिला होती. सकाळपासून दोनच लंगोट ओले झाले होते. पोर रडतही नव्हती, नुसती मान टाकून बसली होती. डोंगर चढायचा म्हणजे पाच तास, नदी ओलांडली की पाणी एकाच ठिकाणी, निकानोरला शिपाई भेटले त्या ओढ्यावर. पोरीला फेलाकडे ठेवावं तर अंगावरचं दूध तोडावं लागणार, आणि दूध तुटलेली मुलं छावणीत किती दिवस टिकतात ते तिनं मोजलेलं होतं. पहारेकऱ्यानं फाटकाची साखळी काढून तिच्याकडे पाहिलं. ती उभी राहिली. तो वाट बघून कंटाळला आणि त्यानं साखळी पुन्हा लावली.

शुक्रवार गेला. शनिवारी कुणी आलं नाही. रविवारी पश्चिमेच्या डोंगरावर, वस्तीच्या बाजूला, तीन ठिकाणी धूर दिसला.

सोमवारी बासिलिओ आला. तो खेचरांवरून मीठ वाहतो. त्याच्याकडे फिरतीचा पास आहे, पण तो डोंगरात वर जात नाही, नदीच्या उतारावरच्या दुकानापासून वळतो. त्याला वाचता येत नाही. तो म्हणाला, निरोप नको बाई, निरोप माझ्या डोक्यात राहत नाही, आणि त्यांनी झडती घेतली तर तोंडातला निरोप आधी बाहेर येतो. कागद द्या, मिठात घालून नेतो. दुकानात ठेवीन, नदीवरच्या प्रार्थनाघरात ठेवीन. वाचणारा भेटला तर भेटला.

हर्मिनियानं शाळेच्या हजेरीपटाची मागची कोरी पानं फाडली. ल्युसिलाला मांडीवर आडवं घेऊन तिनं एकच मजकूर सहा वेळा लिहिला. तोमासिनाला उद्देशून लिहून उपयोग नव्हता, तिला अक्षर येत नव्हतं. म्हणून ज्याला वाचता येतं त्यालाच तिनं लिहिलं:

'हे वाचणाऱ्यास नमस्कार. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, आणि माझं नाव इथं लिहीत नाही. नदीच्या उतारावरून वर गेलात की दोन तासांवर जळलेली वस्ती लागेल. तिथं थांबू नका. ओढा डावीकडे ठेवून केळीच्या रानातून मागे घळीत उतरा. तिथं गुहा आहे. त्यात पन्नाशीची एक बाई असेल. उजव्या भुवईवर भाजल्याचा डाग आहे, काळा झगा आहे. तिच्या हातात कोयता असेल, त्याला भिऊ नका, आधी लांबून बोला. ती माझ्या मुलीची धर्ममाता आहे.

तिला सांगा, मी चुकीचं सांगितलं. शुक्रवारचं खरं नव्हतं. खाली येऊ नका, कोमाद्रे, माझी वाट बघू नका, पलीकडच्या उतारानं उसाच्या मळ्यांकडे निघून जा. निकानोरचं तिला माहीत नसेल तर लगेच सांगू नका, आधी काही खाऊ घाला. मीठ न्या, तिला मिठाशिवाय जेवण जात नाही. मुलगी बरी आहे का विचारलं तर आहे म्हणून सांगा.

तुम्हाला एवढं सगळं जमणार नसेल, भीती वाटत असेल, तर माझा राग नाही, मलाही वाटली. मग फक्त घळीच्या तोंडाशी जा आणि ती आहे का तेवढं बघा. असेल तर येताना दुकानात सांगा, नसेल तरी सांगा. मीठवाला मला सांगेल. पण कृपा करून एकदा जाऊन बघा.'