नाव वेगळं, औषध तेच

मित्रांनो, मी सलाइन लावायचा एक जुना स्टँड आहे. कारखान्यातून आलो तेव्हा असा चकाकत होतो, की सिस्टर माझ्यात बघून केस सारखे करायच्या. आता चकाकी गेली, एक चाक रुसलं, आणि खरं सांगतो, उभा राहून राहून मी थकलो. बाटल्यांचं ओझं वाटत नाही. बाटलीवरून होणाऱ्या वादांचं वाटतं.

परवा शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. मशीनची सुई बोटात घुसली होती. ‘होईल बरं’ म्हणत घरीच राहिल्या आणि जंतुसंसर्ग कोपरापर्यंत चढला. अंग तापानं फणफणत होतं. सिस्टरनी अँटिबायोटिकची बाटली माझ्या आकड्याला अडकवली, तोच त्या बाईंचा मुलगा आडवा आला.

“हे जेनेरिक ना? नको. बाबा मोठ्या कंपनीच्या औषधानं बरे झाले होते. मी बाहेरून तेच आणतो, तोवर थांबा.”

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, “औषध तेच आहे, फक्त त्या मोठ्या कंपनीचं नाव नाही. या वॉर्डात आम्ही दोन्ही देऊन ताडून पाहिलंय. ताप उतरण्यात, जखम भरण्यात फरक दिसला नाही.”

“तुमच्या घरच्या माणसाला द्याल?”

“माझ्या वडिलांना हेच दिलं होतं.”

“बरे झाले?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “आम्ही त्यांना फार उशिरा आणलं होतं.”

मग खाटेवरून बारीक आवाज आला.

“अरे, माझा हात सुजून खांब झालाय आणि तू नावं कसली बघतोस? कागदावर तुझं नाव एक, घरी आम्ही म्हणतो बाळ्या. म्हणून काय तू दोन माणसं झालास? लावा हो सिस्टर!”

बाटली थेंब थेंब सुरू झाली. दुसऱ्या दिवशीही ताप हटेना. बाळ्या माझ्याकडे वैऱ्यासारखा बघत बसला होता. पण तपासणीत औषध त्या जंतूंवर लागू पडत असल्याचं दिसलं, आणि हळूहळू ताप उतरला, सूज ओसरली. हात वाचला. बोट मात्र ताठच राहिलं.

“त्या कंपनीचं दिलं असतं तर बोट वाकलं असतं का?” त्यानं डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं.

“नाही हो. लवकर आणलं असतं, तर कदाचित.”

त्यानं मान खाली घातली. मग कंगवा घेतला आणि आईची वेणी घातली, वेडीवाकडी. “यापेक्षा उसवलेली शिवण बरी दिसेल,” आई म्हणाली. दोघंही हसली, आणि मग बाळ्यानं डोळे पुसले.

मित्रांनो, शंका जरूर विचारा, डॉक्टरांना विचारा. पण आजाऱ्याला वेळेवर आणा, आणि त्यांनी सांगितलेलं औषध मधेच सोडू नका. ताटकळत उभं राहणं मला जमतं. मी लोखंडाचा आहे. तुमचं माणूस लोखंडाचं नाही.