गोळ्यांची फेरी

“मान वर करू नकोस,” रोवेना सिस्टर म्हणाली. “आधी नाव, मग जन्मतारीख, मग गोळी. मी इथे नाहीच असं समज.”

नाहीच असं कसं समजणार? रोवेना गेनरच्या खांद्याला खांदा लावून उभी होती आणि तिच्या हातात परीक्षेचा कागद होता. गेनरच्या अंगात लाल एप्रन. त्यावर पाठीपोटी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: औषधं देत आहे, बोलू नका. गेनरशी बोलू नका म्हणे. अख्खा वॉर्ड सकाळपासून तिच्याशीच तर बोलतो.

मी त्या वॉर्डात चहा देते. पेशंटला हात लावायची मला मुभा नाही, त्यामुळे बघायला वेळ भरपूर. गेनर आमच्यातलीच, इथल्याच स्टोक शहरातली. वर्षानुवर्षं इथे मदतनीस: अंग पुसणं, भरवणं, कमोडवर बसवणं. पन्नाशीला आल्यावर तिला शिकायची हुक्की आली. नर्सिंग असोसिएट व्हायचं, म्हणजे मदतनीसाच्या एक पायरी वर आणि नर्सच्या एक पायरी खाली. आठवड्यात एक दिवस युनिव्हर्सिटी, बाकीचे दिवस वॉर्ड, आणि उरलेलं आयुष्य निबंध लिहिण्यात. जेवणाच्या सुट्टीत एका हातात चीज घातलेली ओटकेक, म्हणजे आमच्याकडचं ओटचं धिरडं, आणि दुसऱ्या हातात मूत्रपिंडाचं पुस्तक धरून ती डुलक्या घ्यायची. “लेकीचं कॉलेज संपलं आणि आईचं सुरू झालं,” ती म्हणायची. “लोक हसत असतील. मला हसायलाही वेळ नाही बाई.”

गोळ्यांच्या फेरीत ती एकदा नापास झाली होती. कुठेतरी बेल वाजली आणि ही औषधांची गाडी उघडी टाकून धावली. हाडात मुरलेली सवय, दुसरं काय. आजची संधी शेवटची. आज चुकली तर दोन वर्षं पाण्यात, आणि पुन्हा जुन्याच कामावर.

पहिली खाट आर्नल्ड शेरटची. आयुष्यभर भट्टीत कपबश्या भाजलेला म्हातारा, खुबा मोडून आलेला. रोज सकाळी दाढी, पायजम्याच्या सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. कमोडवर न्यायचं तर गेनरनेच, दुसऱ्या कुणाच्या हाती तो जात नसे. गेनरने त्याला लघवी साफ होण्याची गोळी दिली, अगदी बिनचूक, आणि पुढच्या खाटेकडे वळली.

ती पार पलीकडच्या टोकाला पोचली तेव्हा त्याने हाक मारली.

“गेनर. अगं, जरा येतेस का?”

ती गोळ्या मोजत होती. तिची बोटं थांबली.

“तू मोज,” रोवेना हळूच म्हणाली आणि तिनेच भिंतीवरची बेल दाबली. “डेबी येईल.”

डेबी म्हणजे एजन्सीने त्या दिवसापुरती पाठवलेली मदतनीस. ती दुसऱ्या एका आजोबांना अंघोळ घालत होती. मी न्हाणीघराच्या दारावर थाप मारली.

“यांना असं ओलं सोडून कुठे येऊ?” ती आतून म्हणाली.

“गेनर, मला थांबवत नाहीये गं,” आर्नल्डने पुन्हा हाक मारली.

मी चहाची गाडी तिथेच ठेवून त्याच्यापाशी गेले. “आर्नल्ड, तिची परीक्षा चाललीय. डेबी येतेच आहे.”

“परीक्षा होय,” तो म्हणाला. “मग राहू दे.”

त्यानंतर त्याने हाक मारली नाही. दोन्ही हातांनी चादर घट्ट धरून छताकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने मी त्याच्या खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. तेवढी मुभा मला आहे.

गेनरने शेवटची गोळी दिली, गाडीला कुलूप लावलं. रोवेनाने सही केली. “छान केलंस,” ती म्हणाली, पण हसली नाही. तिचा तरी काय दोष? एक गोळी चुकली तर माणूस जातो. मला हे पटतं. त्या दिवशी मात्र पटत नव्हतं.

एप्रन उतरवून गेनर गरम पाण्याचं भांडं आणि धुतलेली चादर घेऊन आली.

“आर्नल्ड, मी येतेय हं आत.”

“तू नको. त्या डेबीला पाठव.”

“अहो, मी काय आज पहिल्यांदा बघतेय का तुम्हाला?”

“असं नाही बघितलंस.” मग पडद्याआडूनच त्याने विचारलं, “झालीस का पास?”

“झाले.”

“चांगलं झालं. आता तिला पाठव.”

डेबी आली. गेनरने भांडं तिच्या हातात दिलं. “पाठीपासून सुरू कर,” ती कुजबुजली, “आणि फार बोलू नकोस त्यांच्याशी.”

आमच्या वॉर्डातल्या पडद्यांची टोकं कधीच नीट जुळत नाहीत, मधे वीतभर फट राहते. डॉक्टरांची फेरी सुरू झाली होती, माणसं येत जात होती. गेनरने बाहेरून दोन्ही टोकं जुळवली आणि आतलं सगळं आवरेपर्यंत ती मुठीत धरून उभी राहिली.