पहिली माशी सुरवंटाचीच

टेलरबाईंना मासे खायला आवडत नसत, आणि पकडायला तर त्याहून नाही. त्या माशी बांधायला शिकल्या त्या निव्वळ रागापोटी.

झालं असं, की त्यांच्या सुनेला मासेमारीचं वेड. सून वीज खात्यात लाइनवर काम करायची, आठवडाभर खांबांवर चढायची आणि सुट्टीच्या दिवशी काठी घेऊन नदी गाठायची. तिच्या डबीत दुकानातून आणलेल्या खोट्या माश्या असत. गळावर दोरा, लोकर, पिसं गुंडाळून केलेला किडाच तो. माशाला खरा वाटला की तो तोंड घालतो. एका सकाळी डबी टेबलावर उघडी राहिली, आणि टेलरबाईंनी त्यातली एक माशी उचलून चष्म्याजवळ धरली. दोरा सुटत होता, पीस हलत होतं.

"हे कुणी केलंय?"

"दुकानातलं आहे, आई. दोन माशांत उसवतं."

"उसवणारच! शेवटी गाठच मारलेली नाही. तीस वर्षं शिवण शिकवलं मी. असलं काम माझ्या मुलींनी केलं असतं तर सगळं उसवून पुन्हा करायला लावलं असतं."

"मग शिका ना तुम्ही," सून हसत म्हणाली. "दर रविवारी आमच्या मासेमारीच्या क्लबात वर्ग असतो."

ती गंमतीने बोलली होती. पुढच्या रविवारी टेलरबाई कात्री, चष्मा आणि टाचण्यांची डबी पिशवीत टाकून क्लबाचा जिना चढल्या.

क्लबाची खोली हार्डवेअरच्या दुकानावर होती. लांब टेबल, त्याला घट्ट बसवलेले छोटे शिकंजे, प्रत्येक शिकंज्यात एकेक गळ. समोर सेक्रेटरी. माणूस निवृत्त, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. बारा जण शिकायला आले होते. सेक्रेटरींनी भिंतीवरची काचेची चौकट दाखवली. आत मखमलीवर एक माशी होती. सोनेरी तार, दोन जोड्या पंख, शेपटीला तीन रंगांची पिसं.

"ही राजपंखी. माझ्या वडिलांनी रचली. या क्लबात प्रत्येकाची पहिली माशी हीच असते."

टेलरबाईंनी मनातल्या मनात मोजलं. सात प्रकारचा माल, आणि गळ नखाएवढा. पण म्हटलं, आपण नवे, आधी बघावं.

त्यांना जमलं. बोटांना आयुष्यभराची सवय होती. पण शेजारी एक कोंबडीवाला बसायचा. बाजारात त्याचं कोंबड्यांचं दुकान होतं, माणूस दांडगा, बोटं केळ्यांसारखी. पंख बसवायला गेला की दोरा तुटायचा, दोरा सांभाळला की पंख उडून खाली. तिसऱ्या रविवारी त्याने अकराव्यांदा दोरा तोडला तेव्हा सेक्रेटरी त्याच्यामागे उभे राहिले.

"अहो, ही बोटं माना मुरगाळायलाच बरी."

कुणीतरी हसलं. कोंबडीवाला लाल झाला आणि पिशवी आवरू लागला. तोवर बारातले सहाच उरले होते.

"बसा खाली," टेलरबाई म्हणाल्या. मग सेक्रेटरींकडे वळल्या. "साहेब, चूक बोटांची नाही. चूक माशीची आहे."

कोंबडीवाल्याचा हात पिशवीवरच थांबला.

"मी पहिल्या दिवशी कुणाला कोट बेतायला दिला नाही," त्या म्हणाल्या. "उशीचा अभ्रा दिला. चार सरळ शिलाया. वाकडी झाली तरी अभ्रा तो अभ्राच. डोकं ठेवलं की झोप लागते. यांना अभ्रा द्या."

"मी याच माशीवर शिकलो. दोन महिने रडत होतो, पण शिकलो."

"म्हणजे तुम्ही रडणंच शिकवताय."

सेक्रेटरींचे ओठ पातळ झाले. "नाचता येईना, अंगण वाकडं! स्वतःला जमत नसेल तर तसं सांगा, बाई."

टेलरबाई पिशवी उचलून निघाल्या. घरी आल्या, पाय धुतले, आणि शिवणमशीन बाजूला सारून कटिंगच्या टेबलावर शिकंजा बसवला. आठवडाभर रोज दोन तास. चौथ्या रविवारी त्यांनी सेक्रेटरींसमोर सहा राजपंखी मांडल्या. एकीचा पंख दुसरीपेक्षा दोऱ्याएवढाही लांब नव्हता. सेक्रेटरींनी भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं, आणि भिंग खिशात ठेवलं.

"मला नाचता येतं," टेलरबाई म्हणाल्या. "आता अंगणाबद्दल बोलूया का?"

"हा क्लबाचा नियम आहे. ज्याला पटत नाही त्याने जिना उतरावा."

त्या उतरल्या. मागून धाडधाड पावलं वाजली. कोंबडीवाला होता. त्याच्यामागे वर्गातले आणखी दोघं, शाळेतल्या बाई आणि एक घड्याळजी. वर खोलीत दोघंच उरली.

आता खरा प्रश्न आला. राजपंखी नाही, तर मग कोणती? नुसतं नाही म्हणणं सोपं असतं. टेलरबाई आणि सून संध्याकाळी टेबलाशी बसल्या. सुनेने आपल्या डबीतल्या सगळ्या माश्या कापडावर ओतल्या.

"ही बघा," सुनेने एक बारकी काळी उचलली. "नुसता दोरा. दुसरं काहीच नाही. याहून सोपी कुठली?"

टेलरबाईंनी ती बांधून पाहिली. सोपी होती खरी, पण गळ तांदळाच्या कणीएवढा. "कोंबडीवाल्याला हा गळ दिसायचासुद्धा नाही. आणि नुसता दोरा गुंडाळून तो शिकणार काय? पुढच्या माशीला पुन्हा ओ का ठो कळणार नाही."

दुसरीला एक मऊ पीस होतं. ओढलं की देठातून तुटायचं. टेलरबाईंचीच दोन पिसं तुटली. "ज्यात माझं तुटतं त्यात नवशिक्याचं रडगाणंच व्हायचं. बाजूला ठेव."

तिसरी दिसायला बावळट होती. लांब जाड गळ, त्यावर गुबगुबीत काळी लोकर, आणि वरून कोंबड्याच्या मानेचं एक पीस गोल गोल फिरवलेलं. केसाळ सुरवंटच.

"ही चालते?" टेलरबाईंनी विचारलं.

"चालते म्हणजे? गढूळ पाण्यात हिच्याशिवाय काही चालत नाही. पण क्लबातले लोक हसतात हिला."

टेलरबाईंनी सुरवंट सोडवला. दोरा उलगडला, पीस सोडवलं, लोकर सोडवली, गळ उघडा केला. मग पुन्हा बांधला, आणि बांधताना मोठ्याने बोलत गेल्या. दोरा ताणून धरायचा, हे पहिलं. लोकर एकसारखी गुंडाळायची, दुसरं. पीस वेढ्यांमधून फिरवायचं, तिसरं. शेवटची गाठ. पुढची कुठलीही माशी घ्या, राजपंखीसुद्धा, यातलंच सगळं लागणार. मग त्यांनी मुद्दाम दुसरा बांधला, डावीकडे झुकलेला, एका बाजूला फुगलेला.

"आता सांग, मासा हा खाईल?"

सुनेने तो फिरवून पाहिला. "आई, खरा सुरवंट तरी कुठे सरळ असतो?"

"झालं तर मग. वाकडा झाला तरी जो आपलं काम सोडत नाही, तोच पहिला."

सून खात्यातून तांब्याच्या तारेचे टाकाऊ तुकडे घेऊन आली. लोकरीखाली तार गुंडाळली की सुरवंट बुडतो. पिसं कोंबडीवाल्याने पोतंभर आणली. धुऊन, वाळवून, रंगांप्रमाणे जुड्या बांधून. "ही बोटं माना मुरगाळायलाच बरी ना," तो म्हणाला, "मग घ्या मानेची पिसं."

वर्ग आता टेलरबाईंच्या घरी, कटिंगच्या टेबलावर भरू लागला, आणि पहिल्याच रविवारी कोंबडीवाल्याचा सुरवंट पुरा झाला. वाळलेल्या वांग्यासारखा दिसत होता. टेलरबाईंनी तो दोन चिमट्यांत धरून जोरात ओढला. काही सुटलं नाही. कोंबडीवाला दांडगा गडी, पण त्याचे डोळे भरून आले. शाळेतल्या बाईंनी उगाचच खिडकीकडे पाहिलं.

क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत नवशिक्यांचा वेगळा गट असे. स्वतःच्या हातची माशी, एवढाच नियम. वर्ग सोडला तरी सदस्यत्व कायम होतं, म्हणून टेलरबाईंनी सगळ्यांची नावं दिली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी क्लबाच्या फलकावर एक ओळ वाढली होती, सेक्रेटरींच्या अक्षरात: 'नवशिक्यांनी फक्त राजपंखी वापरावी.'

"आता?" घड्याळजींनी विचारलं.

"आता जायचं. सुरवंट घेऊनच."

सकाळी नदीवर सेक्रेटरी पाटी धरून उभे होते. त्यांनी डब्या उघडायला लावल्या आणि एकेक नावावर रेघ मारली. कोंबडीवाल्याच्या नावावर मारताना म्हणाले, "यात व्यक्तिगत काही नाही."

"आमच्याकडून आहे," टेलरबाई म्हणाल्या. "साहेब, क्लबाची हद्द त्या खांबापर्यंत. नदीची तिथे संपत नाही."

सगळे चालत खांबापलीकडे गेले. तिथे पाणी गढूळ होतं, काठ घसरडा. सुनेला दुपारपर्यंत काही लागलं नाही आणि ती चिडचिड करत बसली. घड्याळजींचा सुरवंट झाडात अडकला, तो तिथेच राहिला. टेलरबाई सावलीत बसून विणकाम करत होत्या, कारण मासेमारी त्यांना अजूनही आवडत नव्हती.

मग कोंबडीवाला ओरडला. नदीकाठच्या गाई दचकल्या. काठी धनुष्यासारखी वाकली होती, आणि तो गुडघाभर पाण्यात उभा राहून "बाई! बाई! बाई!" एवढंच म्हणत होता. मासा हातभर लांब निघाला. कुणी मोजला नाही, कुठे लिहिलाही नाही. कोंबडीवाल्याने त्याच्या तोंडातून वाकडा सुरवंट काढला. लोकर थोडी कुरतडलेली, गाठ जशीच्या तशी. मासा त्याने पाण्यात सोडून दिला.

खांबाशी सेक्रेटरी येऊन उभे होते. आरडाओरडा ऐकून आले असतील. त्यांनी मासा जाताना पाहिला. मग वळले आणि परत गेले.

आठवड्याने पत्र आलं: शिस्तभंगाबद्दल सदस्यत्व रद्द. टेलरबाईंनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. "अक्षर चांगलं आहे," म्हणाल्या, आणि टेबलावर सांडलेली लोकर त्याच कागदावर गोळा करून तो केराच्या डब्यात रिकामा केला. मग घराच्या दाराला त्यांनी स्वतःच्या हातची पाटी लावली. माशी बांधायला शिका, दर रविवारी सकाळी.

पुढच्या रविवारी नऊ जण आले. नववी होती क्लबात मागे राहिलेल्या दोघांपैकी एक, कॉलेजातली मुलगी. हातात अर्धवट राजपंखी, एक पंख गळालेला. दारातच थांबली.

"मला हीच शिकायची आहे," ती जरा ताठ आवाजात म्हणाली. "सुरवंट नको. शिकवाल?"

कोंबडीवाल्याने मान वर केली. सगळे टेलरबाईंकडे बघू लागले.

टेलरबाईंनी मुलीच्या हातातली माशी घेतली, उजेडात धरली. दोरा सैल होता. पण हीच माशी ती तीन महिने हट्टाने पुन्हा पुन्हा बांधत होती, हे दिसत होतं.

"शिकवीन," त्या म्हणाल्या, आणि बाजूची खुर्ची ओढली. "पण मी सुरवंट आधी का सांगते ते ऐकून घे. पटलं नाही तर भांड माझ्याशी. बस."